अमरचंद यंदा आला नाही

१६ ऑगस्ट, शनिवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीने जानेवारीत फुकट दिलेली. सात महिने कोरीच पडली होती. आज जमनाने ती कपाटातून काढून माझ्यापुढे आपटली आणि म्हणाली, "आते जे बोलानं ते आठे बोला. लोकेसले बोलू नका." जमना म्हणजे माझी बायको. एकोणचाळीस वर्षं संसार केलाय, एवढी ओळख पुरे.

झालं काय, तर काल गल्लीत वास्तुशांतीला गेलो होतो. नवं दुमजली घर, सगळे वाहवा करत होते. मी जिना बघितला आणि घरमालकाला विचारलं की जिना इतका अरुंद केलास, उद्या वर कुणी गेलं तर खाली कसं आणणार? त्याची ऐंशी वर्षांची आई वरच्याच खोलीत राहणार आहे, म्हणून विचारलं. म्हातारी तिथंच बसली होती. तिने जेवण अर्धं टाकलं. आता हा विचार घर बांधताना नको करायला? पण चूक कुणाची, तर दोधूची, म्हणजे माझी.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. बत्तीस वर्षं स्टँडवर काढली. गाडी रद्द असेल तर रद्द म्हणायचं, गोड बोलून माणसं ताटकळत ठेवायची नाहीत, ही माझी शिस्त. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी ती सुटली नाही. त्याला लोक तिरसट म्हणतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज एक चांगलं काम केलं. लिहून ठेवतो, म्हणजे जमनाला दाखवता येईल.

अमरचंदच्या दुकानात बसलो होतो. अमरचंद माझा दोस्त. त्याचा आजा मारवाडातून आला, पण अमरचंद अहिराणी माझ्यापेक्षा चांगली बोलतो. रनाळ्याच्या बाजारगल्लीत त्याचं कापडाचं दुकान आहे आणि मी रोज चार ते सहा त्याच्या गादीवर लोडाला टेकून असतो. एकतीस वर्षांची दोस्ती. गावात मला चहा पाज म्हणायचा हक्क फक्त तिथं आहे.

तर आज शोभाबाई आल्या, बरोबर सात-आठ बाया. त्यांच्या लेकीचं डोहाळजेवण आहे. परवा साडी घेऊन गेल्या होत्या, ती परत गादीवर टाकली. "शेठ, मी हिरवी मांगी व्हती. घर जाईसन उजेडमा दखी तं निळी. जुना माल मन्हा गयामा घाली दिना का?" अमरचंद साडी घेऊन दारात उजेडाला गेला, डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाला, "हिरवीच शे ना, बाई." बाया फिसकन हसल्या. एक म्हणाली, शेठ आते फसाडाले शिकना.

हे मला सहन होईना. अमरचंदने जन्मात कुणाला वीतभर कापड कमी दिलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि खणखणीत सांगितलं, "तो फसाडत नही, त्याले दिखतच नही. साखरमुळे डोयाना पडदा खराब व्हई गया. डॉक्टरनी सांगं, इलाज नही. रंग त्याले वळखता येत नहीत. आंधया माणूसवर आळ घेतस, लाज वाटू द्या जराशी."

शोभाबाईंनी मुकाट्याने दुसरी साडी घेतली. ती पुनीतने काढून दिली. पुनीत म्हणजे अमरचंदचा मुलगा. त्यालाही हे माहीत नव्हतं, तोंड उघडं टाकून बापाकडे बघत राहिला. त्याला कसं माहीत असणार? जूनमध्ये अमरचंदला नंदुरबारच्या डॉक्टरकडे मीच नेलं होतं. येताना गाडीत म्हणाला होता, दोधूभाऊ, घरमा सांगू नका. घरात मी सांगितलंच नाही. दुकानात सांगितलं.

अमरचंद पाणी प्यायला म्हणून आत गेला, तो परत बाहेर आलाच नाही. उकाडा फार आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

चारला दुकानात गेलो. गादीवर पुनीत. "पप्पा आराम करी ऱ्हायनात," म्हणाला. मी थांबलो. चहा आला नाही. पुनीत मोबाईलमध्ये बघत होता. शेवटी मीच म्हणालो की ही दाढी तुला शोभत नाही, बकऱ्याचा भास होतो. तरी बोलला नाही. हल्लीच्या पोरांना गप्पा मारता येत नाहीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अमरचंद जैन, त्यांचं पर्युषण सुरू झालं. अमरचंद दिवसभर त्यांच्या स्थानकात, म्हणजे प्रार्थनेच्या जागी. सकाळी वाटेत दिसला. मी हाक मारली, त्याने नुसता हात वर केला आणि चालता झाला. मौन असेल. जमना म्हणाली, "तुम्ही काही बोलनात का त्यासले?" मी म्हणालो, उलट त्याची बाजू घेतली. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

२४ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या गावी दारावर बसायला गेलो. जमनाच्या लांबच्या मामांचे वडील वारले, वय एक्क्याण्णव. जाताना रिक्षात जमनाने बजावलं की तिथं फक्त "फार वाईट झालं" एवढंच म्हणायचं. पण एक्क्याण्णवाव्या वर्षी, झोपेत, काही न दुखता गेलेल्या माणसाचं वाईट काय झालं? खोटं कसं बोलू? मी मामांचा हात धरला आणि म्हणालो, "वेळेवर गेले." एसटीत याहून मोठी शाबासकी नाही. मामा रडायचे थांबले आणि माझ्याकडे बघत बसले. परत येताना जमना रिक्षात पुढे ड्रायव्हरजवळ बसली.

हे अमरचंदला सांगितलं असतं तर पोट धरून हसला असता.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल त्यांची संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, झाली. दुसऱ्या दिवशी अमरचंद सगळ्यांच्या घरी माफी मागायला जातो. पहिलं घर माझं. सकाळी सातला येतो, दारात चपला काढतो, हात जोडून वाकतो आणि म्हणतो, "मिच्छामि दुक्कडम्, दोधूभाऊ. सालभरमा मन्हा हातनं, मन्हा बोलनं काही चुकनं व्हई तं माफ करा." मी म्हणतो, "बरं, करं माफ." मग तो ओसरीवर बसून उकळून गार केलेलं पाणी पितो, आम्ही अर्धा तास बोलतो. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. ज्या वर्षी त्याचा पाय मोडला होता त्या वर्षी पुनीतच्या गाडीवर बसून आला.

मी साडेसहालाच अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालून बसलो. जमनाने पाणी उकळून ठेवलं. सात झाले, साडेसात झाले. आठला अमरचंद गल्लीत शिरला. मी सावरून बसलो. तो समोर भिकुबाईच्या घरी गेला, हात जोडले, बाहेर आला. ललित मास्तरकडे गेला. पाटीलवाड्यात गेला. मग मान खाली घालून आमच्या दारावरून सरळ पुढे निघून गेला.

मी अकरापर्यंत बसलो. अकराला मोबाईल वाजला. पुनीतने कमळाचं चित्र पाठवलं होतं, खाली मिच्छामि दुक्कडम्, वर लिहिलेलं की हा संदेश अनेकदा पुढे पाठवला गेला आहे. मी उत्तर दिलं, "मिळाले."

जेवलो नाही. भूक नव्हती, दुसरं काही कारण नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

विचार केला. अमरचंद रागावलाय. का, ते कळत नाही. शोभाबाईंचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून असेल. पण एवढ्यासाठी एकतीस वर्षं मोडतात का?

आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याने एकतीस वेळा माफी मागितली आणि मी एकतीस वेळा दिली. मी एकदाही मागितली नाही. माझं काही चुकलंच नव्हतं, म्हणून. पण त्याला वाटत असेल की आता याची पाळी. असेल तर मागून टाकू. त्यात काय कठीण आहे?

फक्त सवय नाही. एसटीत नव्या मार्गावर आधी रिकामी गाडी फिरवून बघतात. तसं आधी दुसऱ्यांवर करून बघतो, अमरचंदकडे नंतर. आणि माफी अमरचंदसारखी मोघम मागायची नाही. काय चुकलं ते तारखेसकट सांगायचं, म्हणजे समोरच्याला खात्री पटते.

३० ऑगस्ट, शनिवार

पहिली भिकुबाई. समोरच राहते, गल्लीत सगळ्यात मोठी. अंगणात शेंगा निवडत होती. मी हात जोडले. ती घाबरली, म्हणाली, "काय व्हयनं दोधूभाऊ, जमना बरी शे ना?"

मी सांगितलं, भिकुबाई, माफ कर. तू दर वर्षी आंब्याच्या लोणच्याची बरणी पाठवतेस, ती मी नऊ वर्षं उकिरड्यावर टाकतोय. एकदा म्हशीपुढे ठेवलं तर तिनेही तोंड फिरवलं. हे मी पारावर सगळ्यांना सांगितलं, त्यात तुझे दोन्ही जावई होते.

भिकुबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "जमना तं सांगस, भाऊले भलतं आवडस."

मी म्हणालो, जमना खोटं बोलते, तिचीही मी माफी मागतो.

घरी आलो तोवर बातमी माझ्याआधी पोचली होती. जमना चुलीशी... चूल नाही, गॅसशी, पाठ करून उभी होती. रात्रीला पिठलं. मी तिचीही माफी मागून बघितली. ती म्हणाली, "कसाबद्दल?" मी म्हणालो, तूच सांग. ती संध्याकाळी सहाला सुरू झाली. पिठलं गार होऊन वड्या पडल्या तेव्हा ती आमच्या लग्नाच्या चौथ्या वर्षापर्यंत आली होती.

३१ ऑगस्ट, रविवार

ललित मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, बोलायची हौस दांडगी. गेल्या वर्षी गणपती मंडळाचं सूत्रसंचालन त्याच्याकडून काढून घेतलं. त्याला वाटतं हे मंडळाच्या अध्यक्षाचं काम, म्हणून वर्षभर दोघांचं बोलणं बंद आहे. अध्यक्ष त्याचा सख्खा मावसभाऊ.

मी सांगितलं, ललित, ते मी करवलं. मी मंडळाला म्हणालो होतो की हा माईकवर आला की माणसं घरी जातात, आरतीला टाळ वाजवायला कुणी उरत नाही. माफ कर.

ललित रडायलाच लागला. मी म्हणालो, रडू नकोस, खरंच होतं ते. तो तसाच उठून मावसभावाकडे गेला आणि दोघं गळ्यात पडले, असं ऐकलं. आता दोघं मिळून माझ्याशी बोलत नाहीत. पण जुळवलं कुणी? याची नोंद कुणी करणार नाही, म्हणून इथं करतो.

१ सप्टेंबर, सोमवार

भीमसिंगला फोन लावला. माझा जुना ड्रायव्हर, धडगावकडचा, आता रिटायर. मी म्हणालो, भीमसिंग, नोकरीत काही बोललो असेन तर माफ कर. तो एवढा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

म्हणाला, "साहेब, आगारात तुम्हाला काय म्हणायचे माहीत आहे का? भोंगा. माईक बंद पडला तरी चालायचं, भोंगा चालू असायचा."

मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बत्तीस वर्षं.

मग म्हणाला, "एकदा माझी रजा मंजूर होत नव्हती. तुम्ही माझ्यासाठी मोठ्या साहेबांशी भांडलात. सगळ्या ऑफिससमोर म्हणालात, अहो, याची बायको याला सोडून माहेरी गेलीय, तिला आणायला जायचंय, रजा द्या. मी तर आई आजारी म्हणून अर्ज दिला होता. बायकोचं फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

मी म्हणालो, "रजा मिळाली ना?"

"मिळाली साहेब," भीमसिंग म्हणाला. "पण दोन वर्षं ड्यूटीवर तोंड वर करून चहा प्यायलो नाही."

फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही. रजा तर मिळाली होती. मग हे कशाला आठवत बसायचं?

२ सप्टेंबर, मंगळवार

आता सराव पुरे म्हणून अमरचंदकडे गेलो. यादी करून नेली होती, सदतीस कलमं. अमरचंद आज दुकानात होता, पण गादीवर नाही. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, बाहेरच्या माणसासारखा. गादीवर पुनीत. एक बाई आली, खुर्चीकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि पुनीतला म्हणाली, "भाऊ, तुम्हीच दाखाडा, शेठले कसाले तरास." अमरचंद हातातली टाचणी उगाच फिरवत राहिला.

मी पुढे होऊन हात जोडले आणि यादी वाचली. तुझा चहा पातळ असतो हे मी बाजारात सांगितलं, माफ कर. तू दिलेला शर्टपीस आठवड्यात विटला हे सतरा जणांना सांगितलं, माफ कर. पुनीतच्या लग्नात श्रीखंड आंबट होतं असं व्याहीबुवांना सांगितलं, माफ कर. पुनीतने मध्येच मान वर केली. सदतीसच्या सदतीस वाचली. घसा कोरडा पडला.

अमरचंद म्हणाला, "बरं."

मी म्हणालो, "मग?"

"मंग काय? चहा पी ल्या, दोधूभाऊ," तो म्हणाला. पण बठा म्हणाला नाही. चहा मी उभ्याने प्यायलो.

घरी येऊन यादी फाडली. जमनाने तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "सदतीस लिखात. अडतिसावं कोठे शे?"

कोणतं अडतिसावं, मी विचारलं.

जमना माझ्यासमोर पाटावर बसली. शोभाबाईंनी तिला सगळं सांगितलं होतं. ती ओरडली नाही, हळू बोलली, हे जास्त वाईट. "त्यासना डोयानं त्यासनी कंकुबाईले, सोतानी बायकोले, सांगं नही, पुनीतले सांगं नही. तुमले सांगं. ज्या माणूसनी पन्नास साल रंग दखीसन कापड इकं, त्याले रंग दिखत नही, हाई गोट त्यासनी तुमनाजोडे ठी. आनि तुम्हीन ती आठ बायासमोर टाकी दिनी. आते गावमा कोनी त्यासले शेठ म्हनत नही, आंधया म्हनतस. गादीवरथून उठाडं त्यासले. पुनीतनी नही. तुम्हीन."

मी म्हणालो, मी त्याची बाजू घेत होतो.

"माहीत शे," जमना म्हणाली. "म्हनीसन तं त्यासले भांडता बी येत नही तुमनासंगे."

पुढं काही लिहवत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर घरात. भिकुबाईकडून वाटीभर लोणचं आलं. यंदाचं, नवीन. जमना म्हणाली, तुम्हाला लाज वाटावी म्हणून पाठवलंय. मी सगळं खाल्लं. घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं. लोणच्याचंच होतं असं जमनाला सांगितलं.

मला लाज वाटते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. अमरचंदच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीची लाज वाटते.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी गेलो. अमरचंद एकटाच ओट्यावर होता. यादी नव्हती. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, तिथं काहीच आठवलं नाही. म्हणालो, "अमरचंद, तू माले एकल्याले सांगेल व्हतं. मी सांगी टाकं. तुले गादीवरथून मी उठाडं."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "दोधूभाऊ, एकतीस साल मी तुमना घर उनू. कारण मन्हा मनमा तुमनाबद्दल काही नव्हतं. तुम्ही कितला बी बोलनात, माले हसू ये. यंदा राग व्हता. पोटमा राग ठीसन हात जोडाना, हाई तं देवसंगे लबाडी. म्हनीसन तुमना दारवरथून पुढे निंघी गऊ. बाकीसना घर गऊ, कारण बाकीसना राग नव्हता."

मी विचारलं, "अजून शे राग?"

"शे."

"कितला दिन ऱ्हाई?"

अमरचंदने माझ्याकडे वळून बघितलं. त्याला माझा चेहरा किती दिसतो कोण जाणे. "त्याले टाइमटेबल नही, कंट्रोलर साहेब," तो म्हणाला. "बठा."

मी बसलो. बत्तीस वर्षं लोकांना थांबा म्हणून सांगितलं, थांबणं काय असतं ते आज समजलं. पुनीतने येऊन शटर उघडलं आणि आम्हा दोघांकडे संशयाने बघितलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज मोठी गडबड झाली. झाली ती माझ्याचमुळे, पण या वेळी बेत चांगला होता.

उद्या विसर्जन, म्हणून दुकानात गर्दी. पुनीत जेवायला गेला आणि तेवढ्यात दोन बाया आल्या. त्यांना जांभळी साडी हवी होती. अमरचंद खुर्चीवरून उठला. मी त्याला हाताला धरून गादीवर बसवलं. तो कापडावरून बोटं फिरवतो आणि सांगतो, ही सुरतेची, ही अमुक दिवस टिकेल, हिचा काठ सुटेल. त्यात एक चूक नाही. फक्त रंग. मी ठरवलं, रंग आपण हळूच त्याच्या कानात सांगायचे. कुणाला कळणार नाही.

त्याने पहिली साडी उचलली. मी त्याच्या कानाशी वाकून कुजबुजलो, "मेंदी." त्याने ठेवली. दुसरी उचलली. "राखाडी, म्हातारीले चाली." तिसरी. "हाई जांभयी. उजवीकडनी घे. नही, तुन्ही उजवी."

वर बघतो तर दोन्ही बाया पदर तोंडात घालून हसत होत्या. समोरच्या किराणा दुकानातला माणूस पायरीवर येऊन उभा होता. पानटपरीवरची चार पोरं म्हणाली, काका, पुढची कोणती? माझं कुजबुजणं पानटपरीपर्यंत पोचलं होतं. माझ्या गळ्याला हळू बोलता येतच नाही, हे मला साठी उलटल्यावर कळावं.

मी घामाघूम झालो. आता हा उठून आत जाणार, आणि या वेळी कायमचा. अमरचंद खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. मग त्याने मान वर केली, तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज फुटत नव्हता इतका.

श्वास जागेवर आल्यावर बायांना म्हणाला, "दखा बाई, खरं सांगस. माले रंग दिखत नहीत. कापड मी सांगसू, रंग हाऊ सांगी. बाकी तो जे बोली ते आयकू नका."

बायांनी तीन साड्या घेतल्या. जाताना एक म्हणाली, "येतस शेठ." पुनीत जेवून आला तेव्हा बाप गादीवर होता. काही न बोलता तो स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. दाढी काढून टाकलीय त्याने. मी काही बोललो नाही. चांगला दिसत होता, तेही बोललो नाही, कारण काय तोंडातून जाईल सांगता येत नाही.

सहाला निघताना विचारलं, "राग?"

"थोडा कमी," अमरचंद म्हणाला.

७ सप्टेंबर, रविवार

पानटपरीवरची पोरं मला "रंगाकाका" म्हणतात. भोंगापेक्षा बरं आहे.

ललित मास्तरने विसर्जनाच्या मिरवणुकीत माईक घेतला होता. पूर्ण तीन तास. मी एकटा शेवटपर्यंत ऐकत चाललो. वाईटच होतं. संपल्यावर अबोला विसरून त्याने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "आवाज लांबपर्यंत पोचला." हे खरं होतं. खूश झाला. अशी खरी वाक्यंसुद्धा असतात तर.

९ सप्टेंबर, मंगळवार

पित्तर, म्हणजे पितृपक्ष, सुरू झालेत, नवं कापड कुणी घेत नाही. दुकान रिकामं. पुनीत माल आणायला सुरतेला गेला. आम्ही दोघंच गादीवर, लोडाला टेकून. अमरचंदने चहा मागवला, पातळच होता. मग त्याने इकडेतिकडे बघितलं, जरा सरकून माझ्याजवळ आला आणि मला एक गोष्ट सांगितली. कंकुबाईला माहीत नाही, पुनीतला माहीत नाही. सांगून झाल्यावर "घरमा सांगू नका" असंही म्हणाला नाही. नुसता चहा संपवला.

माफीबद्दल आजही एक शब्द नाही. मी विचारायला तोंड उघडलं होतं, पण तो दुसरंच बोलायला लागला. मोठा हट्टी माणूस आहे.

घरी आल्यापासून जमना विचारतेय, काय झालं, चेहरा असा काय झालाय. भिकुबाई दोनदा डोकावून गेली. जेवण गेलं नाही, सारखं उठून अंगणात जाऊन येतोय. अमरचंदने काय सांगितलं ते मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही.